कोणीच न लिहिलेल्या ओळी

भारतीय रेल्वेच्या दप्तरात गोंदिया जंक्शन एका अक्षरात मावतं. स्टेशनचा कोड नुसता ‘जी’. जालन्याला ‘जे’ मिळाला, रायपूरला ‘आर’. बाकी बहुतेक स्टेशनांच्या वाट्याला दोन, तीन किंवा चार अक्षरं आली. आता समजा, गोंदियातल्याच एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं गाड्यांच्या वेळापत्रकाचं छोटं ॲप करायला घेतलं. फॉर्मचा कोड हातानं कोण लिहीत बसणार? त्यानं नमुन्यादाखल पाच-दहा स्टेशनं दिली आणि एका साधनाकडून सगळा कोड तयार करून घेतला. नमुन्यात नागपूर होतं, भंडारा रोड होतं, डोंगरगड होतं. साधनानं त्यावरून ‘कोड किमान दोन अक्षरी हवा’ अशी अट आपणहून घालून टाकली. ॲप छान चालतं, फक्त त्यात गोंदिया टाकता येत नाही.

ही अट घातली कुणी? विद्यार्थ्यानं नाही, त्याच्या सरांनी नाही, रेल्वेनं तर नाहीच. पण ओळ फाइलमध्ये आहे, नीटनेटकी आहे, तिच्या वर-खाली इतर ओळी आहेत. सहा महिन्यांनी दुसरा कुणी ती वाचतो तेव्हा त्याला वाटतं, काहीतरी विचार करूनच घातली असणार, उगाच हात लावायला नको. मग तिसरा त्या अटीवर विसंबून आणखी चार ओळी लिहितो. कोड वाचणारा माणूस प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी हेतू धरून चालतो. यंत्रानं लिहिलेल्या ओळीमागे तो नसतो, आणि तशी खूण त्या ओळीवर क्वचितच असते.

यंत्रानं कोड लिहिणं ही काही काल-परवाची गोष्ट नाही. डेटाबेसच्या टेबलावरून क्लास तयार करणारी साधनं आहेत, स्क्रीनवर बटण ओढून ठेवलं की त्यामागचा कोड लिहिणारी आहेत, दोन सर्व्हरांमधल्या निरोपाचा नमुना दिला की तो बांधायचा-उलगडायचा कोड देणारी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या साधनांतून आलेल्या अशा फाइलींच्या माथ्यावर इशाराच असतो की ही फाइल यंत्रानं तयार केली आहे, हातानं केलेले बदल पुढच्या वेळी पुसले जातील. ही प्रामाणिक जात. खरा घोळ घालते ती दुसरी जात: जी एकदाच तयार होते, तुमच्या फाइलीत येऊन बसते आणि मग तुमचीच म्हणून ओळखली जाते.

जावा शिकलेल्या प्रत्येकानं या दुसऱ्या जातीचा एक नमुना पाहिलेला आहे. एक्लिप्स नावाचं संपादक-सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं चालत आलंय. एखादा इंटरफेस राबवायचा म्हटलं की एक्लिप्स हवी ती सगळी फंक्शनं रिकामी तयार करून देतं. प्रत्येकात एक टिपण, ‘टूडू: ऑटो-जनरेटेड मेथड स्टब’, आणि त्याखाली, उत्तर म्हणून एखादी वस्तू द्यायची असेल तिथे, ‘रिटर्न नल’. म्हणजे इथे काहीतरी लिहायचं आहे, तोवर उत्तर म्हणून ‘काहीच नाही’ देतो. विद्यार्थी पाचांतली तीन फंक्शनं भरतो, दोन राहून जातात. प्रोग्राम कंपाइल होतो, प्रात्यक्षिकही पार पडतं. ती दोन फंक्शनं मात्र पुढे कुणीही हाक मारली की ‘काहीच नाही’ असं शांतपणे उत्तर देत राहतात. चूक झाली असं सांगत नाहीत, हे अजून लिहिलेलं नाही असंही सांगत नाहीत. ‘शोधलं, पण सापडलं नाही’ आणि ‘शोधायचा कोड अजून लिहायचाच आहे’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच उत्तरात मिसळून जातात.

या मिसळण्यामुळे पुढे काय होतं, ते गोंदियात धानाच्या उदाहरणाशिवाय सांगणं म्हणजे उगाच लांबचा रस्ता धरणं. दिवाळीनंतर आधारभूत खरेदी केंद्रं सुरू होतात. पणन महासंघाची वेगळी, आदिवासी विकास महामंडळाची वेगळी. शेतकऱ्याची नोंदणी ऑनलाइन, त्याला सातबारा, आधार, बँक पासबुक. केंद्रावर काटा होतो, चाळीस किलोच्या हिशेबानं बारदान्यात भरणी होते आणि त्याआधी ओलावा पाहिला जातो, कारण १७ टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रतेचं धान चालत नाही. पुढे भरडाई, आणि शेतकऱ्याच्या खात्यात चुकारे. खऱ्या सरकारी पोर्टलच्या आत काय आहे त्याबद्दल मी इथे बोलत नाही. एखाद्या गावच्या सहकारी संस्थेनं आपल्यापुरता असा छोटा प्रोग्राम करून घेतला, असं धरू.

त्यातला एकच रकाना घ्या: आर्द्रता. शेतकऱ्याची नोंदणी झाली, धान अजून घरीच आहे. या क्षणी आर्द्रता किती? माहीत नाही. मोजलेलीच नाही. प्रोग्रामच्या भाषेत ही जागा ‘नल’ असायला हवी, म्हणजे इथे मूल्यच नाही. पण टेबलावरून क्लास तयार करणाऱ्या साधनानं या रकान्याला जावातला साधा दशांश प्रकार देऊन टाकला, तर त्या प्रकाराला रिकामं राहता येत नाही. काही भरलं नाही तर तो शून्य धरतो. आता प्रोग्राम विचारतो, आर्द्रता १७ किंवा त्याहून कमी आहे का? शून्य १७ पेक्षा कमी आहे. पास! न मोजलेलं धान जगातलं सर्वांत कोरडं धान ठरून यादीत वर चढतं.

गूगलच्या प्रोटोकॉल बफर्स या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीत नेमका हाच प्रश्न होता. आकड्याचा रकाना पाठवलाच नाही आणि मुद्दाम शून्य पाठवला, या दोहोंतला फरक घेणाऱ्याला कळत नसे. लोकांनी बरीच वर्षं नाना युक्त्या केल्या. शेवटी २०२१ साली रकाना ऐच्छिक असल्याचं सांगायची सोय रीतसर परत आली.

बरं, शून्याऐवजी नल ठेवला तर सगळं सुरळीत? डेटाबेसला विचारा. एसक्यूएलमध्ये ‘आर्द्रता १७ किंवा कमी’ अशी एक यादी काढली आणि ‘१७ पेक्षा जास्त’ अशी दुसरी, तर वाटतं की दोन्ही मिळून सगळे शेतकरी आले. आले नाहीत. ज्याच्या आर्द्रतेत नल आहे तो दोन्ही याद्यांत नाही. कारण एसक्यूएलचं तर्कशास्त्र दोन उत्तरांचं नसून तीन उत्तरांचं आहे: हो, नाही, आणि माहीत नाही. नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘माहीत नाही’. इतकंच काय, नलची नलशी तुलना केली तरी तेच. त्यासाठी ‘इज नल’ असा वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारायला माणसं विसरतात. ओरॅकलचा डेटाबेस तर रिकाम्या मजकुरालाही नल समजतो, त्यामुळे ‘मधलं नाव नाही’ आणि ‘मधलं नाव विचारलंच नाही’ यांत तिथे फरकच उरत नाही.

रिकाम्या जागेचे अर्थ इथे आणखीही आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत वनहक्काच्या पट्ट्यावर धान पिकवणारी गोंड कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे पट्टा असतो, स्वतःच्या नावाचा सातबारा नसतो. त्यांच्या बाबतीत गट क्रमांकाचा रकाना रिकामा आहे तो माहिती राहिली म्हणून नाही. तो रकाना त्यांना लागूच नाही. प्रोग्राममध्ये मात्र ‘लागू नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘अजून भरायचं आहे’ या तिघांना मिळून एकच नल. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी ‘अपूर्ण नोंदी काढून टाका’ असं बटण ठेवतो, आणि कोणाच्या नोंदी आधी जातील हे सांगायला नको.

नल आला कुठून? टोनी होर हे नाव संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना क्विकसॉर्टमुळे माहीत असतं. त्यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी काम करताना, एखादा रेफरन्स कशाकडेच बोट दाखवत नसेल तर काय, याची सोय म्हणून नल ठेवला. राबवायला इतका सोपा होता की मोह आवरला नाही, असं त्यांनी २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत सांगितलं आणि त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. तिथून नल सीमध्ये, सी प्लस प्लसमध्ये, जावात, सगळीकडे पोचला. जावात एखाद्या नलला ‘तुझं नाव सांग’ म्हटलं की प्रोग्राम ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ फेकून कोसळतो. दिवसाकाठी ही तीन अक्षरं, एनपीई, एकदाही न उच्चारणारी जावाची टीम मला तरी माहीत नाही.

हा प्रकार फक्त शिकाऊ मंडळींचा आहे असं कुणी समजू नये. १२ जून २०२५ रोजी गूगल क्लाउड जगभर काही तास कोलमडलं आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या असंख्य सेवाही बसल्या. गूगलनं नंतर दिलेला खुलासा वाचण्यासारखा आहे. मे महिन्याच्या अखेरीस एका अंतर्गत सेवेत नवा कोड घातला होता. तो एका विशिष्ट प्रकारचं धोरण आलं तरच चालणार होता, त्यामुळे बसवताना तो तपासलाच गेला नाही. १२ जूनला एक धोरण आलं, त्यातले काही रकाने रिकामे होते. कोडनं रिकाम्याला हात घातला, नल लागला, सेवा कोसळली. डेटाबेस जगभर काही सेकंदांत नक्कल पोचवणारा, म्हणून सगळ्या प्रदेशांत एकदमच कोसळली. म्हणजे खाचरभर पाणी अडवायला बांध घालायचा राहिला आणि कालवा सोडला, तसं झालं.

यावर उपाय म्हणून जे आलं त्याला नल ॲनोटेशन म्हणतात. काम साधं. रकान्याच्या किंवा फंक्शनच्या डोक्यावर एक खूण करायची: ‘नॉननल’, म्हणजे इथे मूल्य असणारच, किंवा ‘नलेबल’, म्हणजे इथे रिकामं येऊ शकतं, पाहून घ्या. कोड चालवण्याआधीच तपासनीस साधन या खुणा वाचतं आणि सांगतं, की तुम्ही नलेबलला न विचारता हात लावताय. आपल्या प्रोग्राममध्ये शेतकऱ्याचं नाव नॉननल, बँक खातं नॉननल, गट क्रमांक नलेबल. ठीक.

अडचण अशी झाली की ही खूण कोणत्या रूपात करायची यावर एकमत नव्हतं. जावासाठी २००६ मध्ये एक सामाईक प्रस्ताव निघाला तो अर्ध्यावरच राहिला. मग प्रत्येकानं आपापली खूण काढली. एक्लिप्सची वेगळी, जेटब्रेन्सची वेगळी, अँड्रॉइडची वेगळी, लोंबोक या कोड लिहून देणाऱ्या साधनाची वेगळी. मोठ्या जुन्या प्रकल्पात एकाच फाइलीत तीन घराण्यांचे नॉननल सापडतात. जेस्पेसिफाय नावाचा सामाईक संच १.० या आवृत्तीला पोचला तो २०२४ च्या जुलैत. तोपर्यंत कॉटलिन, डार्ट, सी शार्प यांनी ही गोष्ट आपापल्या भाषेच्या व्याकरणातच घालून टाकली होती; प्रकारापुढे प्रश्नचिन्ह असेल तर रिकामं चालेल, नसेल तर नाही.

आणि मग या दोन गोष्टी, यंत्रानं लिहिलेला कोड आणि नलच्या खुणा, एकमेकींना भेटतात. इथे जरा थांबून पाहू. विद्यार्थ्यानं न भरलेलं ते फंक्शन आठवा, ‘रिटर्न नल’ वालं. समजा त्याचं नाव होतं ‘बँक खातं शोधा’. काही महिन्यांनी टीमनं ठरवलं, आता खुणा करायच्या. हातानं कोण करणार? जेटब्रेन्सच्या इंटेलिजे या संपादकात त्यासाठी सोय आहे: सगळा कोड वाचून कुठे नल येऊ शकतो याचा अंदाज बांधायचा आणि खुणा स्वतःच लावायच्या. साधन ते फंक्शन पाहतं, त्यातून नल परत येतोय हे पाहतं आणि त्यावर ‘नलेबल’ लावतं. साधनाचं चुकलं का? मुळीच नाही, त्यानं जे आहे तेच सांगितलं. आता हे फंक्शन जिथे जिथे वापरलंय तिथे पिवळ्या रेघा उमटतात: रिकामं येऊ शकतं, तपासा. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून लिहितो, ‘नल नसेल तर पुढे जा’. अशी पंधरा-वीस ठिकाणं होतात. वर्षाच्या शेवटी फंक्शन कुणीतरी नीट लिहिलं, आता ते कधीच नल देत नाही. पण त्यावरची खूण तशीच, आणि त्या वीस तपासण्याही तशाच. नवा माणूस येतो, वीस ठिकाणच्या तपासण्या पाहतो आणि ठामपणे सांगतो: चुकारे करताना बँक खातं नसणं ही इथे नेहमीची बाब दिसतेय. म्हणून तो पडद्यावर ‘खातं नंतर जोडा’ असं बटण घालतो.

एका राहून गेलेल्या ओळीवरून संस्थेचा नियमच बदलला, आणि मधल्या कुठल्याही पायरीवर कुणी चुकीचं वागलेलं नाही. अलीकडे कोड लिहून देणारे एआय सहायक आलेत, त्यांनी या साखळीचा वेग वाढवला. त्यांना सावधपणाची हौस फार. जिथे मूल्य रिकामं असूच शकत नाही तिथेही ते तपासणी घालतात, आणि वर पकडापकडीचा ट्राय-कॅच. ओळ दिसायला जबाबदार माणसानं लिहिल्यासारखी. माझ्या मते अनावश्यक तपासणी ही निरुपद्रवी नसते. ती पुढच्या वाचणाऱ्याला खोटी बातमी देते की इथे धोका आहे.

म्हणून साफसफाई. पण ‘नको ते काढून टाका’ इतकं ते सोपं नाही, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला सातबाऱ्याइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. जुन्या सातबाऱ्यांवर ‘अ.पा.क.’ असा शेरा दिसतो, अज्ञान पालक कर्ता. खातेदार लहान होता, पालक व्यवहार पाहत होता, म्हणून शेरा. तो मुलगा मोठा झाला, म्हातारा झाला, शेरा तसाच. ‘ए.कु.मॅ.’ आहे, एकत्र कुटुंब मॅनेजर; कुटुंब विभागून दोन पिढ्या झाल्या तरी कागदावर एकत्रच. तगाई कर्ज, बंडिंगचा बोजा, हे फिटून किंवा माफ होऊन जमाना झाला. लिहिलं तेव्हा यातलं प्रत्येक खरं होतं. आज जमीन विकायला किंवा कर्ज काढायला गेलं की तेच आडवं येतं. राज्यात २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, आधी मयत खातेदारांच्या वारसांसाठी, आणि पुढच्या टप्प्यात अशा कालबाह्य आणि पोकळीस्त नोंदी कमी करण्यासाठी.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ही नोंद खोडरबरानं पुसत नाहीत. फेरफार घातला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत असते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, आणि मग सातबाऱ्यावरची ओळ जाते. गाव नमुना सहाच्या नोंदवहीत मात्र ती का आणि कधी गेली ते कायम राहतं. कोडच्या साफसफाईची शिस्त याहून फारशी वेगळी नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक बदल एक नोंद असते. सफाईची नोंद वेगळी असावी, तिच्यात वागणूक बदलणारी एकही ओळ नसावी. ‘ॲनोटेशन साफ केली आणि जाता जाता चुकाऱ्याचा हिशेबही सुधारला’ अशी नोंद केली की पुढे हिशेब चुकल्यावर पाचशे तांबड्या ओळींत खरी ओळ शोधत बसावं लागतं. आणखी एक सोय अनेकांना ठाऊक नसते: कोणती ओळ कुणी लिहिली हे सांगणारी गिटची ‘ब्लेम’ आज्ञा सफाईच्या नोंदी वगळून पाहू शकते, तशी यादी तिला देता येते. २०१९ पासून ही सोय आहे. नाहीतर सगळ्या ओळींवर सफाई करणाऱ्याचंच नाव लागतं आणि मूळ लेखक हरवतो.

खुणांची सफाई करताना सर्वांत मोठा फायदा एकाच ठिकाणी आहे. प्रत्येक रकान्यावर नॉननल लिहीत बसण्यापेक्षा पूर्ण पॅकेजच्या पातळीवर एकदाच सांगायचं की इथे उलट सांगितलं नसेल तर सगळं नॉननल. एक्लिप्समध्ये त्याला ‘नॉननल-बाय-डीफॉल्ट’ म्हणतात, जेस्पेसिफायमध्ये ‘नलमार्क्ड’. एवढं केलं की शेकडो नॉननल एका झटक्यात अनावश्यक ठरतात, आणि एक्लिप्स स्वतःच दाखवतं की ही खूण पॅकेजच्या नियमात आलेलीच आहे, काढा. मागे उरतात फक्त नलेबल, आणि फाइल उघडताच डोळा तिथेच जातो. आपल्या प्रोग्राममध्ये गट क्रमांक. बस्स. आर्द्रतेचं काय? तिच्यावर नलेबल ठेवण्यापेक्षा रचनाच बदललेली बरी. आर्द्रता हा शेतकऱ्याचा गुण नाहीच, तो काट्यावरच्या मोजणीचा गुण आहे. ‘मोजणी’ असा वेगळा रेकॉर्ड केला, त्यात वजन, आर्द्रता, तारीख, सगळं नॉननल. मोजणी झाली तर रेकॉर्ड आहे, नाही झाली तर रेकॉर्डच नाही. न मोजलेलं धान पास होण्याचा रस्ता मुळातच बंद. जावात २०२१ मध्ये सोळाव्या आवृत्तीत ‘रेकॉर्ड’ हा प्रकार कायमचा आला. त्यामुळे अशा क्लाससाठी यंत्राकडून गेटर, तुलना आणि छापण्याची फंक्शनं लिहून घ्यायचीही गरज उरत नाही. एका ओळीत सगळं मावतं.

वनहक्क पट्ट्याचं उत्तरही असंच. ‘जमिनीचा आधार’ असा प्रकार, त्याच्या दोन जाती: सातबारा किंवा पट्टा. पहिल्यात गट क्रमांक नॉननल, दुसऱ्यात पट्ट्याचा क्रमांक नॉननल. रिकामा रकाना नाही, त्यामुळे अपूर्ण म्हणून कुणाची नोंद उडणार नाही.

इतकं झाल्यावर सफाईवाल्याच्या हाताला चढतो तो उत्साह, आणि तिथे काळजी हवी. काही ओळी अनावश्यक दिसतात आणि नसतात. क्लासमध्ये दुसऱ्या कन्स्ट्रक्टरशेजारी काहीही न करणारा रिकामा कन्स्ट्रक्टर दिसतो, कोड शोधून पाहिलं तर कुणी वापरत नाही. काढला, कंपाइल झालं, सगळे खूश. रात्री डेटाबेसमधून पहिली ओळ वाचताना ओळींच्या वस्तू करून देणारं हायबरनेट आरडाओरडा करतं, कारण ते वस्तू तयार करायला नेमका तोच कन्स्ट्रक्टर प्रोग्राम चालताना शोधतं. जेसन वाचणारी साधनं सेटर असेच शोधतात. कंपाइलरला न दिसणारे हे वापरकर्ते; त्यांच्यासाठी चाचण्या असल्याशिवाय वापर नसलेला कोड काढायला घेऊ नये.

खुणांमध्येही सापळे आहेत. लोंबोकचा नॉननल आणि बाकीच्यांचा नॉननल दिसायला सारखे, पण लोंबोकचा नुसती खूण नसून कंपाइल होताना खरोखरची तपासणी कोडमध्ये घालतो. बाकीच्यांचा सहसा नुसता कागदावरचा शब्द. एकाच फाइलीत दोन आहेत म्हणून एक काढायचा ठरवला आणि हात लोंबोकवर पडला, तर दारावरचा पहारेकरीच घरी पाठवला. दुसरं कॉटलिनचं. जावाच्या क्लासमध्ये नलेबल खूण असेल तर कॉटलिन ती मानतं आणि न विचारता हात लावू देत नाही. ती खूण काढली की कॉटलिनच्या दृष्टीनं तो ‘प्लॅटफॉर्म टाइप’ होतो, म्हणजे रिकामा असेल-नसेल, तुमचं तुम्ही बघा. कुठे चूक दिसत नाही, इशाराही नाही. जावावाल्यानं आपल्या खोलीत झाडलं आणि शेजारच्या कॉटलिनवाल्याचं कुलूप सैल झालं. म्हणून दोन भाषांच्या सीमेवरच्या फाइली सफाईत सगळ्यांत शेवटी घ्याव्यात.

तपासण्या काढायच्या म्हणजे सगळ्याच नव्हे. बाहेरून माहिती जिथे आत येते, फॉर्ममधून, फाइलमधून, दुसऱ्या सर्व्हरकडून, तिथे तपासणी हवीच, आणि कडक हवी. गूगलचा किस्सा तिथलाच आहे. तिरोड्यात १९९० साली जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा असतो, कारण गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. फॉर्ममध्ये तालुका तिरोडा निवडल्यावर जिल्हा गोंदियाच हवा असं धरलं तर दाखला जुळत नाही आणि रकाना रिकामा जातो. हे दारातच विचारायचं, नीट निरोप देऊन परत पाठवायचं. एकदा आत आलेल्याची मात्र दर खोलीत पुन्हा झडती घ्यायला नको.

यंत्राकडून दरवेळी नव्यानं तयार होणाऱ्या फाइलींना सफाईत हातही लावू नये, हे ओघानं आलंच. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, गिटमध्ये शक्यतो ठेवूच नयेत, बांधणीच्या वेळी तयार होऊ द्याव्यात. त्यांच्यातला कचरा नको असेल तर साधनाची सेटिंग बदलायची. फाइल झाडून उपयोग नाही, उद्या पुन्हा तशीच येणार.

त्या ‘रिटर्न नल’चंही तेच आहे. सगळे स्टब शोधून भरले, तरी उद्या नवा इंटरफेस आला की एक्लिप्स पुन्हा तीच ओळ घालणार. एक्लिप्सच्या प्रेफरन्सेसमध्ये जावा, त्याखाली कोड स्टाइल, त्याखाली कोड टेम्प्लेट्स असा रस्ता आहे. तिथे ‘मेथड बॉडी’चा नमुना उघडायचा आणि जी ओळ तिथे आहे तिच्याऐवजी ‘हे अजून लिहिलेलं नाही’ असा निरोप देणारं एक्सेप्शन फेकायची ओळ टाकायची. मग राहून गेलेलं फंक्शन गप्प बसत नाही. पहिल्यांदा हाक मारताच ओरडतं आणि आपली जागा दाखवतं. शेजारीच ‘कॅच ब्लॉक’चा नमुना असतो, तोही बदलून घ्यावा, कारण जुन्या चालीचा नमुना चूक नुसती कन्सोलवर छापून प्रोग्राम पुढे रेटतो. ही सेटिंग प्रकल्पापुरती करून तिची फाइल गिटमध्ये टाकली की पुढच्या वर्षी प्रकल्प हातात घेणाऱ्या मुलांना ती आपोआप मिळते, त्यांना वेगळं सांगावंही लागत नाही.